मैदानावरचे शब्द आणि वर्गातला अर्थ : फुटबॉलच्या परिभाषेतून इंग्रजी शिकविण्याविषयी

मराठी माध्यमातून पदवीपर्यंत आलेल्या विद्यार्थ्याजवळ इंग्रजी शब्द नसतात, हे विधान आपल्या महाविद्यालयांच्या शिक्षककक्षांत इतक्या सहजपणे केले जाते की, ते तपासून पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. माझ्या मते हे विधान अर्धेच खरे आहे. या विद्यार्थ्याजवळ इंग्रजी शब्द पुष्कळ असतात. त्याच्याजवळ नसतो तो त्या शब्दांचा अर्थ. शब्द आणि अर्थ यांच्यातील ही फारकत ज्या क्षेत्रांत विशेष स्पष्टपणे दिसते, त्यांपैकी फुटबॉल हे एक होय. त्या क्षेत्राच्या आधारे काही विचार येथे मांडावयाचे आहेत.

खेळाच्या आवडीतून भाषा शिकवावी, ही कल्पना नवी नाही. ब्रिटिश कौन्सिल आणि इंग्लंडची प्रीमियर लीग यांनी मिळून 'प्रीमियर स्किल्स इंग्लिश' हा उपक्रम चालविला आहे. फुटबॉलच्या वाक्प्रयोगांच्या साहाय्याने जगभरातील विद्यार्थ्यांस इंग्रजी शिकविणे हा त्याचा हेतू. कल्पना आकर्षक आहे, आणि काही अंशी सत्यही आहे. परंतु ती कोणत्या अटीवर सत्य ठरते, हा प्रश्न उरतो. ती अट विद्यार्थ्याच्या स्वभाषेची आहे, असे मला वाटते. म्हणूनच हा विषय इंग्रजी विभागावर सोपवून मराठीच्या अभ्यासकांना मोकळे होता येणार नाही.

१.

मुंबई विद्यापीठाच्या कालिना येथील विद्यानगरीत येणारा विद्यार्थी सांताक्रूझ स्थानकावर उतरून पूर्वेला वळला की, त्याला वाकोला लागतो. येथे ईस्ट इंडियन समाजाची जुनी मराठी बोली आहे, गोव्याकडून आलेली कोकणी आहे, कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कुटुंबांची मराठी आहे आणि या सर्वांवर पसरलेली मुंबईची हिंदी आहे. अशा वस्तीत संध्याकाळी जेथे थोडी मोकळी जागा असेल तेथे मुले चेंडू घेऊन उतरतात. त्यांचे खेळतानाचे बोलणे ऐकावे. वाक्य मराठीत सुरू होईल, हिंदीत वळेल. पण त्यातील नामे बहुधा इंग्रजी असतील. पास, किक, फाउल, पेनल्टी, कॉर्नर, हेडर, टॅकल, ड्रिबल, ऑफसाइड, थ्रो, कीपर, डिफेन्स. अलीकडे दूरचित्रवाणीवरील इंग्लिश सामन्यांमुळे 'क्लीन शीट' आणि 'एक्स्ट्रा टाइम' यांचीही त्यांत भर पडली आहे. मराठी शाळेत इयत्ता आठवीपर्यंत गेलेला मुलगादेखील असे चाळीस-पन्नास शब्द अचूक प्रसंगी, अचूक वेळी आणि विनासंकोच वापरतो. तोच मुलगा वर्गात इंग्रजीचे पुस्तक उघडले की गप्प होतो.

आपल्याकडे इंग्रजी शिक्षणाची चर्चा वर्षांच्या हिशेबात होते. मराठी शाळांत पूर्वी पाचवीपासून असलेले इंग्रजी २००० सालापासून पहिलीपासून शिकविले जाऊ लागले. त्या निर्णयाच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ लिहिले गेले. परंतु मूल वर्गाबाहेर कोणते इंग्रजी शब्द आधीच बाळगून असते, याची नोंद घेऊन पाठ्यक्रम रचावा असा विचार त्या चर्चेत क्वचितच दिसला. मुलाला पहिला शब्द शाळा देते, हे आपण धरूनच चाललो.

२.

हे शब्द मराठीत कसे नांदतात, हे प्रथम पाहू. परका शब्द भाषेत आला की त्याला लिंग घ्यावे लागते आणि क्रियापदाशी संसार करावा लागतो. 'गोल' पुल्लिंगी झाला, 'किक' स्त्रीलिंगी झाली, 'कार्ड' नपुंसकलिंगी झाले. 'किक'ला स्त्रीलिंग मिळण्यामागे 'लाथ' या शब्दाची छाया असावी. सामान्यरूपाविषयी मात्र मराठीचा निर्णय अजून पक्का झालेला नाही. एकाच वृत्तपत्रात 'दोन गोलने' आणि 'दोन गोलांनी' अशी दोन्ही रूपे आढळतात. शब्द घरात आला आहे, पण त्याला अजून ओसरीवरच बसविले आहे, असा याचा अर्थ.

क्रियापदांचा भाग अधिक मनोज्ञ आहे. मराठीत गोल 'होतो', 'करतात', 'मारतात', 'चढवितात', 'खातात' आणि 'फेडतात'. यांतील शेवटचा प्रयोग कोल्हापूरच्या वृत्तपत्रांत नित्य दिसतो. शिवाजी तरुण मंडळ, पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम अशा पेठापेठांतील संघांचे सामने जेथे शाहू स्टेडियमवर जत्रेसारख्या गर्दीत होतात आणि जेथून अनिकेत जाधवसारखा खेळाडू २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतीय संघात पोहोचला, त्या कोल्हापुरात फुटबॉलला स्वतःची मराठी लाभली आहे. तेथे पिछाडीवरचा संघ 'गोल फेडण्यासाठी' धडपडतो. झालेल्या गोलची 'परतफेड' होते. इंग्रजीत याच प्रसंगी वापरले जाणारे क्रियापद 'इक्वलाइझ', म्हणजे समान करणे. इंग्रजी शब्दात अंकगणित आहे, मराठी शब्दात ऋण आहे. तसेच 'चढाई', 'फळी', 'बगल', 'खिंडार' हे शब्द कुस्ती, कबड्डी आणि लढाई यांच्या परंपरेतून येतात. 'गोलशून्य बरोबरी' या समासात तर इंग्रजी नाम, संस्कृत पद आणि मराठी भाववाचक नाम तक्रार न करता एकत्र बसले आहेत.

यावरून निष्पन्न होते ते एवढेच की, मैदानावरचे हे शब्द आता इंग्रजी राहिलेले नाहीत. ते मराठी शब्द आहेत. विद्यार्थ्याला त्यांची भीती वाटत नाही याचे कारण हेच. आणि त्यांच्यापासून इंग्रजीकडे जाणारी वाट आपोआप उघडत नाही, याचेही कारण हेच.

३.

खेळ शब्द देतो, पण भाषा देत नाही. याचा आपल्या घरातला पुरावा विटीदांडूत आहे. 'वकट, लेंड, मूंड, नाल' ही मोजणी महाराष्ट्रातील मुलांच्या कितीतरी पिढ्यांनी केली. ही तेलुगूसारख्या द्राविडी भाषांतील संख्यावाचके आहेत, हे अभ्यासकांनी पूर्वीच दाखविले आहे: 'ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु' हे तेलुगू अंक शेजारी ठेवले की संशयास जागा राहत नाही. एवढ्या पिढ्यांनी एवढ्या वेळा हे अंक उच्चारले. पण त्यामुळे कोणा मराठी मुलाला तेलुगूत चारपर्यंत मोजता येऊ लागले काय? आपण अंक उच्चारीत आहोत हेच त्याला ठाऊक नव्हते. त्याच्या दृष्टीने 'वकट' ही विटी मारण्याची एक रीत होती. शब्द खेळात विरघळला आणि त्याचा अर्थ मागे राहिला.

फुटबॉलमध्येही नेमके हेच घडते, कारण मैदानाला अर्थाची गरज नसते. शिट्टी, हात आणि खूण यांवर खेळ चालतो. १९६६ च्या विश्वचषकात वेंब्ली येथे इंग्लंड आणि अर्जेंटिना यांच्या उपांत्यपूर्व सामन्यात जर्मन रेफरी रुडॉल्फ क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार अंतोनियो रात्तीन यास बाहेर जाण्यास सांगितले. दोघांत समान भाषा नव्हती; कर्णधार दुभाषी मागत राहिला आणि सामना बराच वेळ खोळंबला. या गोंधळावर इंग्लिश पंच केन ॲस्टन यांनी जो उपाय सुचविला, तो म्हणजे वाहतुकीच्या दिव्यांवरून सुचलेली पिवळी आणि लाल कार्डे. १९७० च्या मेक्सिकोतील विश्वचषकात ती प्रथम आली. भाषेची अडचण दूर करण्यासाठी खेळाने भाषाच दूर केली. ज्या व्यवस्थेत रंग पाहून काम भागते, तेथे 'बुकिंग' म्हणजे रेफरीने आपल्या वहीत नाव टिपून घेणे, हा अर्थ मुलापर्यंत पोहोचण्याचे कारण नाही. त्याच्या लेखी बुकिंग रेल्वेचे असते.

क्रिकेटशी तुलना केली म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. क्रिकेटसाठी मराठीने समांतर परिभाषा घडविली. धावचीत, पायचीत, त्रिफळा, यष्टिरक्षक, षटक, क्षेत्ररक्षण हे शब्द वृत्तपत्रांनी रुळविले आणि बाळ ज. पंडित यांच्या आकाशवाणीवरील मराठी समालोचनाने ते घरोघर नेले. परिणामी क्रिकेटवेड्या मराठी मुलाच्या मनात दोन रकाने तयार झाले. 'रन आउट' आणि 'धावचीत' हे शब्द शेजारी आले की दोहोंचेही पोट उघडे होते. फुटबॉलला गोलरक्षक, बचावपटू, मध्यरक्षक असे थोडे शब्द मिळाले; बाकी सारा व्यवहार एकाच रकान्यात राहिला. 'ऑफसाइड' म्हणजे काय असे विचारले तर मुलगा नियम सांगतो, हातवारे करून दाखवितो. शब्दाचा अर्थ सांगू शकत नाही. मराठी प्रतिशब्द ही इंग्रजीच्या वाटेतील धोंड आहे असे मानणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा. प्रतिशब्द मूळ शब्दाला हुसकावीत नाही, तो त्याला उजेडात आणतो.

४.

तेव्हा फुटबॉलच्या शब्दांतून इंग्रजी शिकवावयाचे असेल तर मैदानावरील अर्थापासून निघून, मराठीच्या आधाराने, शब्दाच्या मूळ आणि विस्तृत अर्थांपर्यंत जावे लागेल. हे कसे करता येईल, याची काही उदाहरणे देतो.

'पास' हा शब्द घ्या. वाकोल्याच्या विद्यार्थ्याच्या आयुष्यात तो किमान तीन ठिकाणी येतो. तो परीक्षेत पास होतो, लोकल गाडीचा पास काढतो आणि मैदानावर पास देतो. मराठीच्या अंगाने पाहता हे तीन निराळे शब्द आहेत. पहिला क्रियापदाबरोबर अवस्था सांगतो, दुसरा कागद आहे, तिसरी कृती आहे. इंग्रजीत मात्र तो एकच शब्द, आणि त्याच्या मुळाशी पाऊल या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. पाऊल टाकून पलीकडे जाणे हा त्याचा गाभा. परीक्षा ओलांडली, फाटक ओलांडले, चेंडू दुसऱ्याकडे गेला. हा गाभा 'पलीकडे जाणे' या मराठी शब्दांत एकदा सांगितला की 'पॅसेज', 'पॅसेंजर', 'पासपोर्ट', 'बायपास' ही सारी बिऱ्हाडे एका वाड्यात राहतात हे विद्यार्थ्याला दिसते. पाच शब्दांची यादी पाठ करण्याऐवजी त्याने एक कुळ ओळखले.

'फाउल'चे उदाहरण मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास विशेष उपयोगी आहे. मैदानावर त्याचा अर्थ नियमभंग. मूळ अर्थ दुर्गंधीयुक्त, घाण. म्हणून इंग्रजीत हवा फाउल असते, भाषा फाउल असते आणि संशयास्पद मृत्यूच्या बातमीत 'फाउल प्ले' येतो. हा शब्द संस्कृत 'पूति' आणि 'पूय' यांचा सगोत्र आहे. जखमेतील 'पू' हा आपला मराठी शब्द त्याच घराण्यातला. तसेच 'फुटबॉल'मधील 'फुट' आणि संस्कृत 'पद' हेही सगोत्र. 'पितृ' आणि 'फादर' या ठरावीक जोडीवर आपण ग्रिमचा नियम वर्षानुवर्षे शिकवीत आलो. त्या जोडीत 'पद–फुट' आणि 'पूति–फाउल' यांची भर घातली तर नियम पायाखाली येतो आणि विद्यार्थ्यालाही तो आपला वाटतो.

'पेनल्टी' विद्यार्थ्याला वीजबिलावरही भेटते. ती 'पीनल', 'पनिश' आणि 'पेन' यांची बहीण आहे. शिक्षा आणि वेदना या दोन्ही कल्पना एकाच लॅटिन शब्दातून निघाल्या. १८६० च्या ज्या पीनल कोडची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली, त्याला आपण दंड संहिता म्हणत होतो. मराठी 'दंड' शब्दातही पैशाचा दंड आणि काठीचा मार हे दोन्ही आहेतच. 'टॅकल' मुळात जहाजाची वा मासेमारीची सामग्री. पुढे तो शब्द पकडण्याकडे, झोंबण्याकडे आणि शेवटी 'प्रश्नाला भिडणे' या अर्थाकडे गेला. 'भिडणे' हे मराठी क्रियापद मैदान आणि प्रश्न या दोन्ही जागी जसेच्या तसे बसते. 'रेफरी' म्हणजे ज्याच्याकडे वाद सोपविला जातो तो. प्रबंधाचा परीक्षक आणि नोकरीच्या अर्जातील संदर्भव्यक्ती याच नावाने ओळखली जाते, हे आपल्या संशोधक विद्यार्थ्यांस निराळे सांगावयास नको.

५.

वाक्प्रचारांच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. इंग्रजीत फुटबॉल मैदानाबाहेर पुष्कळ फिरतो. वादात आयत्या वेळी अटी बदलणाऱ्याने 'गोलपोस्ट हलविले' असे म्हणतात. जो प्रश्न पक्षोपपक्ष एकमेकांवर ढकलीत राहतात तो 'पोलिटिकल फुटबॉल' होतो. हे प्रयोग शब्दशः मराठीत आणण्याचा मोह आपल्या वृत्तपत्रांना होतो. तेथे विद्यार्थ्याला हे दाखविले पाहिजे की, खेळातून जीवनाकडे जाणारा हा मार्ग मराठीला फार जुना आहे. कुस्तीने आपल्याला 'शड्डू ठोकणे', 'चीतपट करणे' आणि 'धोबीपछाड' दिले. बुद्धिबळाने 'शह-काटशह' दिले. खो-खोने 'खो घालणे' दिले. पतंगाने 'ढील देणे' दिले. ज्याला 'कामात खो घातला' याचा अर्थ कळतो, त्याला गोलपोस्ट हलविण्याचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. तुलनेने तो त्याचा त्याला उमगतो.

या तुलनेत सूक्ष्म भेदही हाती लागतात. मराठीतही 'फुटबॉल होणे' हा प्रयोग रुळला आहे, परंतु आपल्याकडे एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात धाडल्या जाणाऱ्या अर्जदाराचा फुटबॉल होतो. इंग्रजीत प्रश्न लाथाडला जातो, मराठीत माणूस. आणखी एक भेद परीक्षेच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. आपल्या राजकीय बातम्यांत 'सेल्फ गोल' मुबलक आढळतो आणि तो इंग्रजीच आहे असे विद्यार्थी समजतो. इंग्लंडमध्ये मात्र 'ओन गोल' म्हणतात. म्हणजे ज्या शब्दांस आपण इंग्रजी समजून वापरतो त्यांतील काही येथेच घडले आहेत. ते चूक आहेत असे मी म्हणणार नाही. ते भारतीय आहेत, एवढे विद्यार्थ्यास ठाऊक असावे.

६.

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला शुद्धिवाद्यांचा: परकीय शब्दांना वर्गात मानाचे पान दिल्याने मराठीची हानी होईल. माधव जूलियन यांनी १९३८ मध्ये आपल्या ग्रंथास 'भाषाशुद्धि-विवेक' असे नाव दिले. त्या नावातील दुसऱ्या पदाचे स्मरण येथे पुरेसे आहे. जो शब्द पोरांच्या तोंडी बसला आहे त्याला हाकलण्याचे सामर्थ्य पाठ्यपुस्तकात नाही. त्याचा अर्थ मराठीत सांगण्याचे सामर्थ्य मात्र आहे, आणि असा अर्थ सांगताना मराठीच वापरात येते. मराठीची खरी हानी मराठी माध्यमाचा विद्यार्थी स्वतःला शब्दहीन समजू लागतो तेव्हा होते. तो पुढे पालक होतो, आणि आपल्या मुलाला मराठी शाळेत घालीत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. मैदान सर्वांचे नसते. वाकोल्यासारख्या दाटीच्या वस्तीत मोकळी जागा थोडी, आणि त्या जागेवर मुलींचा वाटा त्याहून थोडा. २०२२ मध्ये आशियाई महिला फुटबॉल स्पर्धेचे सामने शेजारच्या अंधेरीत झाले. परंतु त्यामुळे गल्लीतील मुलीला चेंडू मिळाला असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. फुटबॉलवर आधारलेला पाठ मुलांना पुढे आणि मुलींना मागे नेणार असेल तर तो न घेतलेला बरा. यावर माझे उत्तर असे की, फुटबॉल हे केवळ एक उदाहरण आहे. लोकल गाडी, शिवणयंत्र, स्वयंपाकाचा गॅस, रुग्णालय, मोबाइल या प्रत्येक क्षेत्रात असेच मराठी झालेले इंग्रजी शब्द आहेत. शिक्षकाने आपल्या वर्गात कोण बसले आहे ते पाहून क्षेत्र निवडावे. पद्धत मात्र तीच राहील: विद्यार्थ्याचा शब्द, त्याचा मराठी अर्थ, मग इंग्रजीतील त्याचे कुळ.

७.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. त्यानंतर आपल्या विभागांतून प्राचीन ग्रंथ, ताम्रपट आणि शिलालेख यांच्या अभ्यासाला उत्साह आला, हे योग्यच झाले. परंतु विद्यानगरीच्या कुंपणापासून चालत जाण्याच्या अंतरावर रोज संध्याकाळी जी मराठी घडते आहे, तिची नोंद कोण घेणार? एम. ए.च्या लघुप्रबंधासाठी वाकोला, कालिना आणि शेजारच्या वस्त्यांतील क्रीडाशब्दांचा संग्रह हा उत्तम विषय आहे. शब्द, त्याचा स्थानिक उच्चार, लिंग, सामान्यरूप, सोबतची क्रियापदे, मैदानावरील अर्थ, मैदानाबाहेरील अर्थ आणि मूळ इंग्रजी अर्थ अशी आठ रकान्यांची सारणी केली तरी शंभर-दीडशे शब्दांचा एक कोश सहज तयार होईल. कोल्हापुरातील विद्यार्थ्यांनी तेथील पेठांत हेच काम केले तर दोन नगरांच्या मराठीची तुलनाही करता येईल. या कोशाचा उपयोग मराठीच्या भाषाविज्ञानाला होईल, आणि इंग्रजीच्या शिक्षकाला त्याच्या वर्गातील अबोल विद्यार्थ्याशी बोलण्यासाठी चाळीस-पन्नास शब्दांचे भांडवलही मिळेल. दोन विभागांनी एकत्र बसून करावयाचे हे काम आहे. त्याचा आरंभ मराठी विभागाने करावा, कारण त्या शब्दांचे अर्थ प्रथम मराठीतच लिहावे लागणार आहेत.